संगणकालाही भोंगा हवा

कॉलेज सुटल्यावर मी दिघ्याच्या औद्योगिक पट्ट्यातील एका कचेरीत खोक्यांची डिझाइने करायला जातो. एका संध्याकाळी ठरल्या वेळी सारे संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाले आणि तिघांच्या सामायिक फाईलमधले माझे दोन तासांचे काम नाहीसे झाले. ‘सेव्ह का केले नाहीस?’ एवढाच प्रश्न मला विचारण्यात आला.

चूक माझी होतीच. संगणक असे बंद करणेही आवश्यक आहे. सुरक्षेच्या पुष्कळ सुधारणा त्यानंतरच लागू होतात. जून २०१७ मध्ये जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम संगणकावरील हल्ल्याने विस्कळीत झाले, हे आपण विसरता कामा नये.

मग बंद होताना सगळे सक्तीने सेव्ह करावे काय? तेही घातकच! अर्धवट बदल मूळ फाईलवर चढला, तर सहकारी तोच अंतिम समजून छपाईला धाडील. म्हणून आदल्या दिवशी सूचना द्यावी, फाईल कोणाकडे उघडी आहे ते पाहावे, अपुरे काम निराळ्या नावाने ठेवावे आणि मगच यंत्र थांबवावे.

गिरणगावात पाळी बदलताना भोंगा होई. तेवढा मान आमच्याही कामाला मिळावा!