बातम्यांचा नकाशा

वृत्तपत्राला जगाचा आरसा म्हणण्याची आपल्याकडे प्रथा आहे. परंतु आरशात काय दिसावे, हे तो कोणत्या दिशेला धरला आहे यावर अवलंबून असते. तंत्रज्ञानविषयक बातम्यांच्या बाबतीत एक साधा प्रयोग करून पाहावा. आठ दिवस या बातम्या वाचाव्यात आणि प्रत्येक बातमी ज्या गावाहून आली असेल, त्या गावावर जगाच्या नकाशात एक टाचणी टोचावी. आठवड्याच्या अखेरीस पुष्कळशा टाचण्या अमेरिकेत, आणि त्यातही कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत दाटीने उभ्या असलेल्या आढळण्याचाच संभव अधिक. उरलेल्या विस्तीर्ण जगात त्या तुरळक दिसतील. हे प्रमाण योग्य आहे काय, याचा विचार सुजाण वाचकाने अवश्य केला पाहिजे.

प्रथम न्यायाचे बोलू. अमेरिकेला मिळणारे महत्त्व निराधार नाही. १९४७ साली बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा जन्म झाला. दूरदूरच्या संगणकांना परस्परांशी जोडणारे आर्पानेट १९६९ साली त्याच देशात सुरू झाले, आणि आजच्या इंटरनेटचे मूळ त्यात आहे. ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट या बलाढ्य कंपन्यांची मुख्य ठाणीही तेथेच आहेत. तेव्हा तेथील बातम्या येऊच नयेत, असे कोणीही म्हणणार नाही. आक्षेप त्या बातम्या येण्याला नाही; त्यांच्या गर्दीत इतरांच्या बातम्या हरवून जातात, याला आहे.

एका वर्षाचे उदाहरण घेऊ. २००७ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्को येथे स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन जगापुढे ठेवला आणि त्याची वार्ता देशोदेशी दुमदुमली. त्याच वर्षी मार्च महिन्यात आफ्रिकेतील केनिया देशात सफारीकॉम या कंपनीने एम-पेसा नावाची सेवा सुरू केली. तिच्या उभारणीत ब्रिटनच्या व्होडाफोन कंपनीचा वाटा होता. या सेवेला महाग फोन लागत नसे. अगदी साधा फोन पुरे होई. नैरोबीत राबणारा मजूर कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे रोख रक्कम भरी, ती संदेशाद्वारे गावी आईकडे पोहोचे, आणि आई आपल्या गावातील दुकानातून पैसे काढून घेई. बँकेची पायरी कधी न चढलेल्या लक्षावधी लोकांच्या हाती त्यामुळे पैशाचा व्यवहार आला. पुढे २०१४ साली अमेरिकेत ॲपल पे ही फोनद्वारे पैसे देण्याची सेवा निघाली, तेव्हा जणू नवे युग उजाडल्यासारखी तिची चर्चा झाली. केनियात मात्र फोनवरून पैसे पाठविणे तोवर सात वर्षांचे जुने झाले होते!

असे का घडते? यामागे कोणाचा कट आहे असे समजण्याचे कारण नाही. जगभर फिरणाऱ्या बातम्यांपैकी पुष्कळशा इंग्रजीत लिहिल्या जातात. मोठ्या कंपन्या आपल्या प्रसिद्धीसाठी मुबलक पैसा खर्च करतात आणि बातमीदाराच्या हाती तयार मजकूर ठेवतात. आपल्या भाषेतील पत्रे अनेकदा तोच मजकूर अनुवादून छापतात. भाषा मराठी असते, पण कोणती गोष्ट महत्त्वाची हा निर्णय दुसऱ्याच कोणी घेतलेला असतो. हा प्रश्न आजचा नाही. युनेस्कोने नेमलेल्या, शॉन मॅकब्राइड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८० साली सादर केलेल्या अहवालात, श्रीमंत देशांकडून इतरांकडे एकाच दिशेने वाहणाऱ्या वृत्तप्रवाहाची चिकित्सा केली होती.

या एकांगीपणामुळे पहिली हानी होते ती सत्याची. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या चिपा अमेरिकेतील एनव्हिडिया कंपनीच्या, असे आपण वाचतो. त्यांचा आराखडा त्या कंपनीचा, हे खरे. परंतु त्यातील अत्यंत प्रगत चिपा प्रत्यक्ष घडतात तैवान बेटावर. तेथील कारखान्यांत ज्या यंत्रांनी अतिसूक्ष्म रेषा उमटविल्या जातात, ती नेदरलँड्समधील एएसएमएल कंपनीची असतात, आणि त्या यंत्रांतील आरसे जर्मनीत घासून गुळगुळीत केलेले असतात. भाजीवाल्याच्या गाडीवर चिकटविलेला क्यूआर कोडही असाच. तो १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. अनेक हातांनी विणलेल्या वस्त्रावर एकाच विणकराचे नाव घालावे, तसा हा प्रकार आहे.

दुसरी हानी व्यवहाराची. चीनमधील हांगजो येथील डीपसीक कंपनीने आपले काम डिसेंबर २०२४ मध्येच जाहीर केले होते. बहुतेकांचे लक्ष तिकडे गेले जानेवारीच्या अखेरीस. २७ जानेवारी २०२५ या एका दिवसात एनव्हिडियाच्या भागांचे बाजारमूल्य ५०० अब्ज डॉलरांहून अधिक घसरले. एकाच खिडकीशी बसणाऱ्याला दाराशी आलेला पाहुणा उशिरा दिसतो, तो असा.

तिसरी हानी सर्वांत गंभीर, कारण ती तरुण मनांची आहे. शोध लागतात ते दूर कोठेतरी, आपण फक्त ते विकत घ्यावयाचे, अशी समजूत नकळत रुजते. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. तिच्या ३० तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तबकड्या भरीव पत्र्याच्या न करता तारांच्या जाळीच्या केल्या. जाळीतून वारा निघून जातो, म्हणून सांगाडा हलका झाला आणि खर्चही पुष्कळ कमी झाला. ही केवढी कल्पकता! पण शेजारच्या तालुक्यातील किती मुलांना ती ठाऊक आहे? काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपली गत होऊन बसली आहे.

यावर कोणी म्हणेल, मग रोज स्वदेशाचेच गोडवे गावेत. हा उपाय रोगाइतकाच वाईट होय. एका देशाऐवजी दुसऱ्या देशावर दृष्टी खिळविली, तरी ती खिळलेलीच राहते. शिवाय आपल्या गुणांची अतिशयोक्ती करणाऱ्याला आपले दोष दिसेनासे होतात. बातमीचे मोल ती कोणत्या ध्वजाखालून आली यावर ठरू नये. या शोधाने किती माणसांचे जीवन सुकर झाले, त्यामागे कोणते तत्त्व आहे, आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागली, या कसोट्यांवर ते ठरले पाहिजे.

संपादकांनी ही निवड अधिक डोळसपणे करावी, ही अपेक्षा योग्यच आहे. परंतु वाचकाचेही काही कर्तव्य असते. एखाद्या नव्या यंत्राची बातमी वाचली, की ते कोठे घडले, कोणी घडविले, आणि हीच अडचण अन्य देशांतील लोकांनी कशी सोडविली, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी. असे विचारणारे वाचक वाढले, तर बातमीदारांनाही नकाशाच्या रिकाम्या भागांकडे वळावेच लागेल.