कमल रणदिवेंना देव्हाऱ्यात बसवू नका

८ नोव्हेंबर २०२१ला गूगलच्या पानावर सूक्ष्मदर्शकात डोकावणाऱ्या कमल रणदिवे दिसल्या आणि आमच्या बोईसरच्या झाडून सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर ते चित्र फिरलं. ‘नारीशक्तीला सलाम!’ त्यातला एक सलाम आमच्या काकांचा. एमआयडीसीत त्यांचं स्वतःचं युनिट आहे.

त्याच वर्षी ताईने नोकरी सोडली होती. पालघरला बीएस्सी, मग केमिस्ट्रीत एमएस्सी, मग तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्यात क्यूसीला. मुलगी झाली. पहिली शिफ्ट सकाळी सातला, पाळणाघर उघडायचं नऊला. विषय संपला. घरात कुणी हळहळलंही नाही, उलट सगळे सुटल्यासारखे झाले. मीसुद्धा. बारावीला मला तिच्यापेक्षा कमी मार्क होते. आज मी घरी बसून कोड लिहितो आणि माझ्या कामाला कुणी ‘हौस’ म्हणत नाही.

फॉरवर्डमधल्या रणदिवे म्हणजे जिद्दीने एकटी लढलेली बाई. साफ खोटं. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या या बाईंना प्राध्यापक वडील होते, फर्ग्युसन होतं, खानोलकरांसारखे मार्गदर्शक होते. १९४९ला पीएचडी, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स, आणि परत आल्यावर पाय टेकायला परळचं कर्करोग संशोधन केंद्र होतं. (आमच्याकडून पहाटेची गाडी पकडून परळला जाणाऱ्यांना ‘टाटा’ म्हणजे फाईल आणि रांग. तिथे उंदीर पाळून संशोधनही झालं, हे कोण सांगणार?) उंदरांच्या माद्यांमधला स्तनाचा कर्करोग हा त्यांचा विषय. तिथे वंश, संप्रेरकं आणि आईच्या दुधातून पिल्लाला मिळणारा विषाणू या तिन्हींचा हिशेब मांडावा लागतो. एकट्या आनुवंशिकतेवर खापर फोडून भागत नाही. बायकांच्या करिअरचा विषय निघाला की मात्र आपण सगळं ‘जिद्दी’वर ढकलून मोकळे.

स्वतः रणदिवे तसं मानत नव्हत्या. १९७३ला त्यांनी सहकारी स्त्रियांबरोबर भारतीय महिला वैज्ञानिक संघटना उभी केली. या संघटनेने वाशीला काय बांधलं? नोकरदार बायकांसाठी वसतिगृह आणि पाळणाघर. १९८२चं पद्मभूषण प्रत्येक फॉरवर्डमध्ये असतं; पाळणाघर एकातही नाही.

‘छोट्या युनिटला परवडत नाही हो,’ असं काका म्हणतील. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनेच सांगितलं होतं की ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय हवीच, आणि ती इतरांबरोबर सामायिक असली तरी चालते. चार शेजारी युनिटं टँकर वाटून घेतात. मग एक खोली, दोन बायका आणि शिफ्टच्या वेळेला उघडणारं कुलूप एवढं का नाही जमत?

पुढच्या ८ नोव्हेंबरला काकांचा सलाम आला की खाली सगळ्यांसमोर विचारणार आहे: काका, तुमच्या युनिटचं पाळणाघर सकाळी किती वाजता उघडतं?