बर्फाचा बुरूज

पावसाळा लागला कीं खारघरांतील मुलांचें बाहेरचें खेळणें खुंटतें. पांडवकड्याकडे जाण्यास बहुधा बंदीहुकूम असतो, सेंट्रल पार्कांत चिखल. मग सारी सेना घरांत जमते आणि मोबाईलवरील बुरुजरक्षणाच्या खेळांत गढून जाते. मुलें यास 'टॉवर डिफेन्स' म्हणतात. ज्या वडीलधाऱ्या मंडळींनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं इतकेंच सांगतों कीं, वळणावळणाच्या वाटेनें शत्रूच्या टोळ्या येतात, आणि वाटेच्या कडेस निरनिराळे बुरूज उभारून त्यांस शेवटच्या दारापूर्वीं गारद करावयाचें असतें. बुरुजांस मोहरा पडतात, व मोहरा मोजक्याच मिळतात.

आमच्या घरीं गेले पंधरा दिवस या खेळावरून खटला चालू आहे. धाकट्या नातवानें बर्फाचा बुरूज विकून टाकला. हा बुरूज शत्रूस मारीत नाहीं. केवळ गारठवून त्याची चाल मंद करितो. कोणत्या बुरुजानें किती शत्रू पाडले याचा आंकडा खेळांत दिसतो. तोफेपुढें तीनशें, बर्फापुढें शून्य! "हा कांहींच करीत नाहीं, आजोबा," असें म्हणून त्यानें तो काढला, आणि पुढच्या दोनच फेऱ्यांत दार पडलें. पोर रडकुंडीस आलें, तेव्हां त्याच्या काकूनें खेळच बंद करण्याचा हुकूम सोडला. आम्हांस दोघांचाही न्याय मान्य नाहीं. ज्याचें काम आंकड्यांत दिसत नाहीं तें निरुपयोगी, असा हिशेब मुलें शिकूं लागलीं, तर घरांतील स्वयंपाकघराकडे तीं कोणत्या दृष्टीनें पाहतील?

हिशेब करावयाचा तर पुरा करावा. समजा, तोफेच्या माऱ्यांत वाटेचीं सहा घरें येतात व शत्रू एका सेकंदांत दोन घरें चालतो. तो तीन सेकंद माऱ्यांत राहिला. तोफेचा घाव सेकंदास 40 धरला तर एकूण 120. आतां बर्फानें त्याची गति निम्मी केली. तो सहा सेकंद राहिला, घाव 240. हे वाढलेले 120 खात्यावर पडतात तोफेच्या, पण मिळविले बर्फानें! मात्र तोफ एकच असेल तर त्याच किंमतीची दुसरी तोफही 120 च देते. बर्फाचा विशेष लाभ नाहीं. तोफा चार असतील तर पांचवी तोफ 120 वाढविते आणि बर्फ 480. म्हणून प्रथम तोफा, मग बर्फ. दुसरा बर्फाचा बुरूज त्याच जागीं बांधणें मात्र बहुतेक खेळांत व्यर्थ. निम्म्याचें पाव होत नाहीं.

आमच्या पूर्वजांस ही युक्ति अवगत होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत (शामशास्त्र्यांनीं तें 1909 सालीं छापून प्रसिद्ध केलें) दुर्गाबाहेरील वाटेवर पेरावयाच्या अडथळ्यांची यादी आहे. तींत 'जानुभंजनी' असें एक नांव येतें. गुडघा मोडणारी! रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा दडविला आहे कीं खालून येणाऱ्यास तो समोरून दिसत नाहीं. वळण घेतां घेतां पाऊल मंदावतें आणि तेवढा वेळ तो दोहों बाजूंच्या माऱ्याखालीं राहतो. वळण मारीत नाहीं, बुरूज मारितात. उलट, 1296 सालीं अल्लाउद्दीन देवगिरीवर चालून आला तेव्हां रामदेवरावाचें मुख्य सैन्य शंकरदेवाबरोबर बाहेर गेलेलें होतें. दुर्ग बिकट खरा, पण मारा करावयास माणूस नाहीं. तोफांवांचून बर्फ तो हाच.

जागेविषयीं मुलें हटकून घोटाळा करितात. बर्फ वाटेच्या अगदीं तोंडाशीं एकटाच बसवितात. गारठा दोनचार सेकंदांत उतरतो आणि शत्रू तोफांपाशीं पोहोंचतो तो पुनः ताजातवाना. बर्फ तोफांच्या माऱ्याच्या आरंभींच हवा, शक्य तर वळणाच्या पोटांत, म्हणजे येतांना व जातांना दोनदां गारठा बसेल. आणखी एक गंमत अशी कीं, पुढचे मंदावले कीं मागचे त्यांस गांठतात व घोळका होतो. तेथें बाण सोडण्यापेक्षां गोळा फोडणें सरस.

थंडी सर्वांस बाधत नाहीं हेंही पाहावें. 2018 सालच्या 'ब्लून्स टीडी 6' या खेळांत पांढरे फुगे गोठत नाहींत, आणि जे गोठतात त्यांवर साधे अणकुचीदार बाण चालत नाहींत. तेथें बर्फाच्या जोडीस स्फोटक बुरूज लागतो. 2009 सालच्या 'प्लँट्स व्हर्सेस झोंबीज'मध्यें बर्फाचा वाटाणा साध्या वाटाण्याइतकाच घाव घालतो, वर शत्रूची चाल निम्मी करितो. त्याला 175 सूर्य पडतात, साध्यास 100. हे 75 सूर्य आम्ही आनंदानें देऊं. पण त्याच रांगेंत पुढें जळता ओंडका मात्र ठेवूं नये. त्यांतून जातांना बर्फाचा वाटाणा वितळून साधा होतो, आणि ते 75 सूर्य पाण्यांत जातात.