पगारपत्रकातलं शून्य



संक्रांतीचा तिळगूळ वाटून होतो न होतो तोच इथे अमेरिकेत डब्ल्यू-२ यायला लागतात. आदल्या वर्षीच्या पगाराचा हा हिशोब कंपनीने ३१ जानेवारीपर्यंत द्यायचा असतो. त्याच्या पहिल्या चौकटीत पगार असतो आणि दुसरीत कापलेला फेडरल प्राप्तिकर. नुकत्याच नोकरीला लागलेल्या आपल्या काही मुलामुलींची ही दुसरी चौकट रिकामी निघते आणि मग आमच्या मंडळातले फोन वाजू लागतात. त्यांत तळेगाव दाभाड्याची, एकूणच मावळातली मुलं बरीच असतात, म्हणून यंदाचं संपादकीय त्यांच्यासाठी.

हा घोळ होतो तो आपल्याकडच्या सवयीमुळे. तळेगाव किंवा चाकणच्या एमआयडीसीत नोकरी केलेल्यांना आठवत असेल, जानेवारी आला की एचआर गुंतवणुकीचे पुरावे मागतं. एलआयसीच्या आणि घरभाड्याच्या पावत्या जमा होतात. वर्षभरात टीडीएस कमी पडला असेल तर अकाउंट्सवाले तो फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून वसूल करतात आणि मग फॉर्म १६ हातात पडतो. नोकरदाराच्या कराची काळजी कंपनी वाहते, हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. इथली कंपनी मात्र तुम्ही भरून दिलेल्या, पगारातून किती कर कापायचा ते ठरवणाऱ्या डब्ल्यू-४ फॉर्मवर चालते. त्यात चूक असेल तर चुकीच्या हिशोबानेच वर्षभर पगार होतो आणि वर्षअखेरीला तो हिशोब कोणी जुळवून देत नाही. कर कापला गेला नाही म्हणून तो माफही होत नाही. तो तुमच्या नावावर उभाच राहतो.

शून्य येतं कसं? कोणी मित्राच्या सांगण्यावरून डब्ल्यू-४ मध्ये ‘एक्झेम्प्ट’ लिहितं. गेल्या वर्षी ज्याला काहीच कर लागला नाही आणि यंदाही लागणार नाही, त्याच्यासाठी ती सवलत आहे. एफ-१ व्हिसावरच्या, करासाठी अनिवासी असलेल्या विद्यार्थ्याने तर डब्ल्यू-४ वर ते लिहायचंच नसतं. अशा विद्यार्थ्यांना पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा करही सहसा लागत नाही. त्यामुळे पगार जवळजवळ पुरा हातात येतो. तो गावी शैक्षणिक कर्जाच्या हप्त्यात जातो, स्टेशनजवळच्या फ्लॅटच्या बुकिंगला जातो, आणि घरच्यांना वाटतं, पोराने नाव काढलं. त्यातला काही भाग सरकारचा आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

तो भाग केवढा? समजा, २०२५ मध्ये अविवाहित माणसाला ७०,००० डॉलर पगार होता. १५,७५० डॉलरची प्रमाणित वजावट घेऊन फेडरल कर सुमारे ६,८५० डॉलर होतो. दर पंधरवड्याला कापला असता तर एका वेळी साधारण २६३ डॉलर. भारतीय विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका कर-करारामुळे हीच वजावट मिळते. राज्याचा कर असेल तर तो वेगळा. तळेगावकरांना थोडं-थोडं जमवण्याची ताकद नव्याने सांगायला नको. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा मागून पैसाफंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं आणि त्यातूनच १९०८ मध्ये तळेगावात काच कारखाना सुरू झाला.

मग करायचं काय? वर्ष चालू असेल तर आजच नवा डब्ल्यू-४ द्या. कंपनीला तो साधारण महिन्याभरात लागू करावा लागतो. मागचं राहिलेलं भरून काढायला त्याच फॉर्मच्या ४(क) ओळीत दर पगारातून जादा किती कापायचं ते लिहा. पगारातून कापलेला कर वर्षभर सारखा भरल्याचं धरलं जातं, त्यामुळे उशिरा सुरुवात केली तरी दंड टळू शकतो. कंपनी ऐकत नसेल तर लेखी कळवा आणि १०४०-ईएस वापरून तिमाही आगाऊ कर स्वतः भरा. डब्ल्यू-२ ऐवजी १०९९ हातात आला, तर कंपनीने तुम्हाला कंत्राटदार ठरवलं आहे असं समजा. ते पटत नसेल तर एसएस-८ अर्ज करून आयआरएसकडे, म्हणजे इथल्या कर खात्याकडे, दाद मागता येते.

वर्ष संपलं असेल तर १५ एप्रिलच्या आत रिटर्न भराच, खिशात पैसे नसले तरी. रिटर्न न भरण्याचा दंड थकीत कराच्या दरमहा ५ टक्के असतो. रिटर्न भरून पैसे थकले तर दरमहा अर्धा टक्का. शिवाय व्याज. जमेल तेवढे आत्ता भरा, उरलेल्याचे हप्ते आयआरएसकडून बांधून घ्या. गप्प बसलात तर रक्कम वाढत जाईल. पुढे नागरिकत्वाच्या अर्जातही थकीत कराचा प्रश्न असतो.

नव्याने आलेल्यांना लाज वाटते, म्हणून ती विचारत नाहीत. ज्येष्ठांनी आपणहून विचारायला हवं. आपल्या ओळखीत कोणी नुकतं नोकरीला लागलं असेल तर त्याच्या पहिल्या पगाराचे पेढे खाताना त्याचं पगारपत्रकही उघडायला सांगा. ‘फेडरल’ या शब्दापुढचा आकडा त्याच्याबरोबर बसून बघा. अवघड प्रकरण असेल तर अनिवासींचे रिटर्न भरणाऱ्या जाणकाराकडे न्या. कमी उत्पन्नवाल्यांसाठी ‘व्हिटा’ची मोफत केंद्रंही असतात, पण तिथे अनिवासींचे रिटर्न भरून देतात का, ते आधी विचारा. आणि नव्या मुलांनो, तुम्हीही संकोच करू नका. एप्रिल उजाडायच्या आत मंडळातल्या कोणालाही फोन करा.