पाणपोईला सभासदत्व कशाला?

१ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली एस.टी. पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. त्यानंतर बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, महामंडळाची विजेवर चालणारी पहिली ‘शिवाई’ बस रस्त्यावर आली तीही याच मार्गावर. महाराष्ट्राच्या सार्वजनिक प्रवासाचे दोन शुभारंभ ज्या वाटेने पाहिले, तीच वाट नगर ओलांडून घोडेगाव, नेवासा फाटा, प्रवरासंगम असे टप्पे घेत छत्रपती संभाजीनगरकडे जाते. ही केवळ मालमोटारींची वाट नव्हे. घोडेगावहून भाविक शनिशिंगणापूरला वळतात. नेवाशात ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतार्थ सांगितला, त्या पैसाच्या खांबापुढे मस्तक ठेवतात. पुढे देवगडला दत्तदर्शन घेतात, गोदा-प्रवरेच्या संगमावर हात-पाय धुतात आणि वेरूळच्या घृष्णेश्वराकडे मार्गस्थ होतात.

या भाविकांपैकी काही कुटुंबे आता विजेवरच्या मोटारीने येऊ लागली आहेत. धूर नाही, आवाज नाही, आयात तेलावरचा भार कमी. राष्ट्रहिताच्या दृष्टीने या बदलाचे स्वागतच केले पाहिजे. परंतु पुणे ते संभाजीनगर हे सुमारे २३५ कि.मी.चे अंतर कापून दर्शन घेऊन परतायचे, तर वाटेत कोठेतरी मोटार चार्ज करावीच लागते; आणि तेथेच या प्रवासातील विघ्नांना प्रारंभ होतो. देवाच्या दारी निघालेल्या माणसाचे चित्त देवावरून उडून बॅटरीच्या टक्क्यांवर जडते. हे यंत्राचे वैगुण्य नाही. हे धोरणाचे वैगुण्य आहे, आणि त्याचा जाब धोरणकर्त्यांना विचारला गेला पाहिजे.

आकड्यांचा उत्सव

आपल्याकडे शासनाला आकडे जाहीर करण्याची हौस फार. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने मार्गदर्शक सूत्रे काढली. शहरांत ३ कि.मी. बाय ३ कि.मी.च्या प्रत्येक चौकोनात एक आणि महामार्गांवर दोन्ही बाजूंना दर २५ कि.मी.वर एक चार्जिंग स्टेशन असावे, असे त्यांत म्हटले होते. चार्जिंग ही विजेची विक्री नसून सेवा आहे, त्यासाठी परवाना लागणार नाही, हेही त्याच वर्षी स्पष्ट झाले. निर्णय स्तुत्य होता. २०१९ पासूनच्या ‘फेम-२’ योजनेत चार्जिंगच्या सुविधांसाठी १,००० कोटी, तर ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत २,००० कोटी रुपये ठेवण्यात आले आणि सुमारे ७२,३०० चार्जरचे लक्ष्य जाहीर झाले.

महाराष्ट्रानेही जुलै २०२१ मध्ये धोरण आणले. सात नागरी क्षेत्रे व चार महामार्ग निवडून २०२५ पर्यंत २,५०० चार्जिंग स्टेशने उभारण्याचा संकल्प त्यात होता. त्या सात नागरी क्षेत्रांत नगरचे नाव नव्हते आणि चार महामार्गांत पुणे-नगर-औरंगाबाद हा मार्ग नव्हता. मुंबई-पुणे, मुंबई-नाशिक, नाशिक-पुणे आणि मुंबई-नागपूर एवढ्यावर राज्याचा नकाशा संपला! पहिली एस.टी. आणि पहिली शिवाई ज्या वाटेने गेली, तिचाच विसर पडावा, यास काय म्हणावे? एप्रिल २०२५ मध्ये मंजूर झालेल्या नव्या धोरणाने राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ कि.मी.ची भाषा केली, हे बरे झाले. मात्र पथकरातील माफीसाठी ठळकपणे पुढे आली ती नावे पुन्हा तीच: मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग. शासनाची दृष्टी सिमेंटच्या सहापदरी रस्त्यांवरून खाली उतरून तालुक्याच्या फाट्यापर्यंत पोहोचायला अजून वेळ आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये देशात १२,१४६ सार्वजनिक चार्जिंग स्टेशने होती आणि त्यांपैकी ३,०७९ एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे देशात सर्वाधिक होती. हा आकडा ऐकून छाती फुगते. पण फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला त्याचा उपयोग काय? यंत्र उभे आहे, एवढेच हा आकडा सांगतो. ते आज चालू आहे काय, त्याला पुरेसा वीजदाब आहे काय, त्याच्यापुढची जागा मोकळी आहे काय, हे तो सांगत नाही. गावातील विहिरी मोजल्या म्हणून पाणी मोजले असे होत नाही.

‘किमान एक’ची मेख

पेट्रोल पंपावर कोणीही जातो, पैसे टाकतो, तेल घेतो. मोटार कोणत्या कंपनीची, मालक कोणत्या गावचा, त्याच्या भ्रमणध्वनीत कोणते ॲप, हे पंपावरचा पोऱ्या विचारत नाही. चार्जिंग स्टेशनवर मात्र उलटा न्याय. प्रत्येक कंपनीचे ॲप वेगळे, नोंदणी वेगळी, आगाऊ पैसे भरण्याचे पाकीट वेगळे. ॲप उतरवून घ्या, क्रमांक द्या, ओटीपीची वाट पहा, पाकिटात पैसे भरा आणि मग यंत्र बंद असल्याचे ध्यानात आले तर पुढच्या कंपनीच्या दारात हाच विधी पुन्हा करा. आधीच्या पाकिटात अडकलेले शे-दोनशे रुपये तसेच पडून राहतात. फाट्यावर भ्रमणध्वनीची रेंज गेली, तर बॅटरी रिकामी आणि पाकीट भरलेले अशी अवस्था होते.

हे घडते त्याचे मूळ नियमातच आहे. २०१८च्या सूत्रांनी स्टेशनचालकाला आगाऊ नोंदणीसाठी ‘किमान एका’ जाळ्याशी जोडून घेण्याचे बंधन घातले. प्रत्येकाने आपापले एक जाळे धरले आणि नियम पाळला. परंतु एका जाळ्याच्या ग्राहकाला दुसऱ्या जाळ्याने दार उघडलेच पाहिजे, असे बंधन तेव्हा कोणावरच घातले गेले नाही. चालकाला एक जाळे पुरते, प्रवाशाला मात्र सगळी लागतात! कायद्याची भाषा लिहिणाऱ्याने प्रवास केला असता तर ही मेख राहिली नसती.

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने डिसेंबर २०२२ मध्ये ‘ईव्ही यात्रा’ हे पोर्टल व ॲप काढले. जवळचे स्टेशन शोधण्यास त्याचे साह्य होते. पण वाट दाखविणे वेगळे आणि दार उघडणे वेगळे. साऱ्या कंपन्यांचे व्यवहार एकाच ठिकाणी आणणारे राष्ट्रीय ॲप तयार करण्याचा आणि ते काम ‘भेल’कडे सोपविण्याचा विचार केंद्राने मे २०२५ मध्ये जाहीर केला. हा विचार सात वर्षे आधी का सुचला नाही? २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयने भाजीवाल्यापासून बँकेपर्यंत सर्वांना एका सूत्रात ओवले. कोणत्या बँकेचे खाते, हा प्रश्नच उरला नाही. जगाने कौतुक केलेली ही स्वदेशी व्यवस्था हाताशी असताना चार्जिंगच्या यंत्रावर एक साधा यूपीआय चौकोन सक्तीचा करायला अडचण कोणती होती? युरोपीय संघाने एप्रिल २०२४ पासून नव्या जलद चार्जरवर सभासदत्वाविना, साध्या कार्डाने पैसे देण्याची सोय बंधनकारक केली. यूपीआयच्या जन्मभूमीने या बाबतीत युरोपच्या मागे राहावे, ही अभिमानाची गोष्ट नव्हे.

परक्या खाचेचा धडा

दूरदृष्टीच्या अभावाची किंमत देशाने एकदा मोजली आहे. २०१७ च्या सुमारास ठरविण्यात आलेल्या ‘भारत डीसी-००१’ या चार्जरचे नाव भारताचे होते, त्याची शक्ती जेमतेम १५ किलोवॅट होती आणि त्याची खाच होती चिनी ‘जीबी/टी’ प्रमाणाची. सार्वजनिक पैशांतून ही यंत्रे बसविली गेली. पुढे २०२० पासून आलेल्या मोटारींनी युरोपीय ‘सीसीएस-२’ खाच स्वीकारली आणि ती यंत्रे नव्या मोटारींसाठी निरुपयोगी ठरली. नावात भारत आणि खाचेत चीन, अशी ही गत! २०२३ मध्ये हलक्या वाहनांसाठी भारतीय मानक ब्यूरोने देशात विकसित झालेली जोडणी प्रमाणित केली, हे सुचिन्ह आहे. स्वदेशीचा अर्थ केवळ पाटी बदलणे नव्हे, हा धडा यातून घ्यावयाचा.

भाषेचीही गोष्ट तीच. संस्कृतात असलेला गीतार्थ सामान्यांच्या बोलीत यावा म्हणून शके १२१२ मध्ये ज्ञानदेवांनी याच नेवाशात मराठीत ग्रंथ सिद्ध केला. त्या नेवाशाच्या वाटेवर चार्जिंगचा सारा व्यवहार बहुधा इंग्रजी सूचनांवर चालावा, हा विरोधाभास कोणाला खटकत नाही काय? मोटार चालविणारा चालक मराठी, वीज महाराष्ट्राची, जमीन मराठी माणसाची. यंत्र मात्र परभाषेत बोलते. पडद्यावर मराठी आणण्यास कोणत्याही संशोधनाची गरज नाही. इच्छा हवी.

‘मागणी नाही’ हा बहाणा

यावर एक ठरलेले उत्तर मिळते. तालुक्याच्या गावी विजेच्या मोटारी आहेत किती? मागणी नसताना गुंतवणूक कोण करील? वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. एक खरे, की यंत्रासाठी रोहित्र, जोडणी आणि देखभाल यांचा खर्च मोठा असतो आणि रिकामे यंत्र कोणालाही परवडत नाही. पण वाटेवरची पाणपोई गावातील तहान मोजून घातली जात नाही. ती वाटसरूसाठी असते. शनि अमावास्येला शिंगणापुरात लोटणारी गर्दी नेवासा तालुक्याच्या वाहननोंदणीत कोठे सापडणार? आणि वाटेत सोय नाही म्हणून मोटार घेतली जात नाही, मोटार नाही म्हणून सोय होत नाही, हे चक्र भेदण्यासाठीच तर शासकीय अनुदान असते. तेही पुन्हा महानगरांच्याच वाट्याला जाणार असेल, तर त्यास धोरण का म्हणावे?

यात सामाजिक अन्यायही आहे. ज्याचा बंगला आहे, तो रात्री घरच्या विजेवर मोटार चार्ज करतो आणि त्या विजेवर वस्तू व सेवा कर नाही. ज्याला सार्वजनिक यंत्रावर अवलंबून राहावे लागते, त्या सदनिकेतल्या माणसाला व प्रवाशाला मात्र सेवेवर १८ टक्के कर भरावा लागतो. मोटारीवर ५ टक्के आणि तिच्या घासावर १८ टक्के, हे गणित सामान्यांच्या आकलनापलीकडचे आहे.

अहिल्यादेवींचा वारसा

२०२४ मध्ये या जिल्ह्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव मिळाले. चौंडीत १७२५ साली जन्मलेल्या या लोकमातेने काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, बारवा, विहिरी, धर्मशाळा आणि अन्नछत्रे उभारली, तीही आपल्या राज्याच्या सीमेबाहेर. त्या बारवेवर कोणी वाटसरूला त्याचा प्रांत विचारला नाही. महत्त्वाचे म्हणजे बांधून मोकळे होण्याची तिची रीत नव्हती. नित्य खर्चाची आणि देखभालीची तरतूदही ती करीत असे. आजच्या अनुदानाने नेमका हाच भाग सोडला आहे. यंत्र बसविण्याला पैसा मिळतो. ते वर्षभर चालू ठेवण्याला बक्षीस नाही आणि बंद ठेवण्याला दंडही नाही.

तेव्हा मागणी स्पष्ट असली पाहिजे. अनुदानाचा मोठा हिस्सा यंत्र किती दिवस चालू राहिले यावर द्यावा. कोणतेही ॲप न उतरवता यूपीआयने पैसे घेणारे यंत्रच सार्वजनिक म्हणून मोजावे. फलक आणि पडदा मराठीत असावा. आणि तीर्थक्षेत्रांना जोडणाऱ्या वाटा महामार्गांच्या बरोबरीने धोरणात याव्यात. जागेची वाण नाही. बसस्थानके, बाजार समित्या, देवस्थानांची वाहनतळे, भेंडे आणि सोनईसारख्या साखर कारखान्यांची आवारे या टापूत आहेत. राज्यातील अनेक सहकारी कारखाने उसाच्या चिपाडापासून वीज तयार करतात. केंद्राच्या २०२४च्या सूत्रांनी सकाळी ९ ते दुपारी ४ या सौर तासांत स्टेशनला स्वस्त वीज देण्याचे ठरविले, आणि दर्शनाला येणारा बहुतेक भाविक दिवसाच येतो. स्थानिक आयटीआयच्या तरुणांना दुरुस्तीचे शिक्षण दिले, तर मुंबईहून तंत्रज्ञ येईपर्यंत यंत्र झाकून ठेवण्याची वेळ येणार नाही.

सहकाराचे नाव घेताना एक सावधगिरी हवी. नेवाशाच्या काही भागासह या परिसराला वीज पुरविणाऱ्या मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेचा परवाना थकबाकीच्या ओझ्याखाली २०११ मध्ये संपला. समाजाच्या मालकीला चोख हिशेबाची जोड नसेल तर काय होते, हे या मातीने पाहिले आहे. म्हणून हिशेब उघडा हवा आणि यंत्राची रोजची स्थिती सर्वांना दिसेल अशी हवी.

जिल्ह्याला अहिल्यादेवींचे नाव देणे हा पहिला संस्कार झाला. तिच्या नावाच्या जिल्ह्यातून जाणाऱ्या वाटसरूला, तो कोठलाही असो, अडवणुकीविना वाट चालता यावी, हा दुसरा संस्कार अद्याप बाकी आहे. तो पार पाडण्याचे उत्तरदायित्व शासनाचे आहे, आणि शासनाला त्याची आठवण करून देत राहण्याचे समाजाचे.