रुपयाची घसरण आणि भरपाईचा हक्क

रुपया घसरला की परदेशस्थ मनुष्याला प्रथम सुचते ते हे, की आता गावी पैसे पाठवावेत. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानात नोकरी करणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांची स्थिती याच्या नेमकी उलट होती.

चांदीचे भाव कोसळल्यामुळे १८७० च्या सुमारास जवळजवळ दोन शिलिंगांचा असलेला रुपया १८९२-९३ पर्यंत सव्वा शिलिंगावर आला. ज्या हजार रुपयांचे शंभर पौंड होत, त्यांचे आता साडेबासष्टच होऊ लागले. कुटुंब विलायतेत, मुलांचे शिक्षण तेथे, आणि पगार रुपयांत. त्यांची अडचण खोटी नव्हती. त्यांनी दाद मागितली आणि १८९३ मध्ये सरकारने विनिमय भरपाई भत्ता मंजूर केला. वार्षिक हजार पौंडांच्या मर्यादेत अर्ध्या पगाराला दीड शिलिंगाचा दर धरून फरक तिजोरीतून मिळू लागला. म्हणजे रुपया सव्वा शिलिंगाचा असता हजारावर शंभर रुपये जादा! येथील कायम रहिवासी असलेल्या नोकरांना मात्र हा भत्ता नव्हता.

ही तिजोरी कोण भरीत होते? विनिमयाच्या तोट्याचा भार पेलण्यासाठी १८८८ मध्येच मिठावरील कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला होता. मीठ-भाकरीवर जगणाऱ्यास भरपाई कोण देणार?

परमपूज्य बाबासाहेबांनी १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध केलेल्या रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथात हेच मर्म उघड केले. चलनाचे मोल घटले की किमती आधी वाढतात, मजुरी मागून रखडत येते, आणि नुकसान श्रमणाऱ्याचे होते.

जुलै १९९१ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले तेव्हा मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होतो. खानावळीचे बिल वाढत गेले; शिष्यवृत्तीचा आकडा हलला नाही. आज त्याच घसरणीचा मी लाभधारक आहे. पौंडाला शंभराहून अधिक रुपये मिळतात, याचा आनंद मानताना मला ती खानावळ आठवते.

म्हणून बंधुभगिनींनो, एक सूचना. मायदेशातील विद्यार्थ्यांना आपण देतो ती मदत एकदा रुपयांत ठरवून वर्षानुवर्षे तशीच ठेवू नये. तेथील फी, पुस्तके व जेवण यांचा खर्च पाहून ती दरवर्षी वाढवावी. गोऱ्या साहेबांना भरपाई मिळाली, कारण त्यांचा शब्द सरकारदरबारी चालत होता. ज्या मुलाचा शब्द कोठेच चालत नाही, त्याची भरपाई आपण करावयाची आहे.

जय भीम!