कुंडीतील पिंपळ आणि काकांचा प्रश्न

गेल्या वैशाख पौर्णिमेला शारजाहमधील एका घरी वंदना आटोपली. बाल्कनीतील पिंपळाच्या बोन्सायकडे पाहून आमच्यातील एका ज्येष्ठ काकांनी विचारले, "मुळे कापायची, फांद्या तारेने जखडायच्या, उथळ पात्राबाहेर वाढू द्यायचे नाही. ज्या व्यवस्थेने आपल्या पूर्वजांना असेच ठेवले, तिची ही प्रतिकृती तुम्ही घरात कौतुकाने का बाळगता?" त्या दिवशी आम्हा कोणालाच नीट उत्तर देता आले नाही. उशिरा सुचलेले ते उत्तर येथे मांडत आहोत.

काकांचा आक्षेप निम्मा खरा आहे. दुकानात मिळणारी अनेक आयात बोन्साय त्याला पात्र ठरतात. साल कापून आत रुतलेली तार, मातीवर गोंदाने चिकटवलेले खडे, आणि दिवाणखान्याच्या वातानुकूलित अंधारात महिन्याभरात होणारी पानगळ. अशी झाडे विकत घेऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परंतु उरलेला निम्मा भाग तपासून पाहावा लागतो. बोन्सायचा लहानपणा बीजात नसतो. साठ सेंटिमीटर उंचीच्या पिंपळाची फांदी जमिनीत रुजवली, तर तिचा पूर्ण वाढीचा वृक्ष होतो. किंबहुना तेच झाड पात्रातून काढून जमिनीत लावले, तरी ते वाढू लागते. खुजेपण पात्राचे असते, जन्माचे नव्हे. १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी जातीला वंशशुद्धीचा आधार देऊ पाहणारा युक्तिवाद खोडून काढला होता. आमच्या बाल्कनीतील झाड त्याच बाजूने साक्ष देते, असे म्हणण्याचा मोह होतो. तथापि झाडाची संमती आम्ही घेतलेली नाही, हेही मान्य करतो. भाड्याच्या सदनिकेत आम्हाला वीतभर जमीन नाही. पिंपळ हवा असेल तर तो कुंडीतच हवा, एवढीच आमची बाजू.

म्हणून आमचा आग्रह रोपापासून सुरुवात करण्याचा आहे. दुबईच्या वारसान भागातील किंवा अबुधाबीच्या मीना झायेद येथील रोपवाटिकांत साधी रोपे मिळतात. कडुनिंबाचे बी तर उन्हाळ्यात पदपथांवर लिंबोळ्यांच्या रूपाने पडलेलेच असते. घाफ म्हणजे आपली शमीच. अमिरातीने २००८ मध्ये तिला राष्ट्रीय वृक्षाचा मान दिला आणि २०१९ च्या सहिष्णुता वर्षाचे बोधचिन्हही तीच होती. मात्र वाळवंटातील घाफ उपटणे कायद्याने निषिद्ध आहे. जपानी परंपरेत रानातून झाड उचलून आणण्याला मान असला, तरी येथे तो मोह नको. घाफ बियांपासून सहज उगवतो. त्याचे सोटमूळ पाण्याच्या शोधात फार खोल जाते, म्हणून ते कोवळेपणीच छाटावे लागते. उशीर झाल्यास झाड दगावते. मिळालेलेच झाड हवे असेल, तर वेडी बाभूळ आहे. सोलापूर-मराठवाड्याच्या माळरानांप्रमाणे तिने येथेही स्थानिक झाडांची जागा बळकावली आहे. जमिनीच्या मालकाची परवानगी घेऊन तिचा जुना बुंधा काढल्यास कोणी हळहळणार नाही. काटे मात्र सांभाळावेत.

खरी परीक्षा उन्हाळ्याची. उथळ पात्र जूनच्या उन्हात तापते आणि मुळे अक्षरशः शिजतात. पहिल्या वर्षी आमचे दोन पिंपळ असेच गेले. आता जून ते सप्टेंबर हिरव्या जाळीची सावली, सकाळ-संध्याकाळ पाणी, आणि पात्राखाली ओल्या वाळूचा तबक. एसीचे गळणारे पाणी आम्ही वापरतो. त्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून पोषणही नसते. खत वेगळे द्यावे लागते. कुंडी बदलणे आणि मुळांची छाटणी फेब्रुवारीत. पिंपळाची तार दर पंधरवड्याला तपासावी, कारण त्याचे खोड झपाट्याने जाड होते. शक्य तेथे तार टाळून केवळ छाटणीने आकार द्यावा, हे आम्हाला काकांच्या प्रश्नानंतरच पटले.

आता मूळ अडचण. येथे आपण सारे व्हिसाच्या मुदतीने राहतो. नोकरी गेली की काही आठवड्यांत घर आवरावे लागते. मातीसकट झाड विमानाने भारतात नेणे वनस्पती विलगीकरणाच्या नियमांमुळे जवळजवळ अशक्यच. मग सहा वर्षे वाढवलेले झाड कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवून निघावे लागते. असे आम्ही दोनदा पाहिले आहे.

बोन्साय एका माणसाचे असतेच कोठे? १६२५ पासून कुंडीत वाढणारा एक पाइन वृक्ष हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबात पिढ्यानपिढ्या राहिला, १९४५ च्या अणुबॉम्बमधून वाचला आणि १९७६ मध्ये अमेरिकेला भेट म्हणून गेला. आजही तो वॉशिंग्टनमध्ये आहे. संघमित्रेने श्रीलंकेला नेलेली बोधिवृक्षाची फांदीसुद्धा सुवर्णपात्रात लावून नेल्याचे 'महावंस' सांगतो. परदेशी गेलेला तो बोधिवृक्षही, म्हणजे, कुंडीतूनच गेला.

यास्तव आमची सूचना आहे. आपल्या गटाने झाडांची एक वही ठेवावी. कोणते झाड, बी किंवा रोप कोठून आले, शेवटची छाटणी कधी झाली, सध्या कोणाकडे आहे, आणि ते घर सुटल्यास कोणी न्यायचे, हे सारे तीत लिहावे. पुढच्या घराचे नाव आधीच ठरलेले असावे. सामान बांधायच्या घाईत ते ठरत नाही.

शारजाहचा तो पिंपळ ऑक्टोबरात अजमानला जात आहे. त्याचे पालक पुण्याला परतत आहेत. त्याला न्यायला पुढे आले ते काकाच. तार मात्र काढून द्या, एवढी अट त्यांनी घातली आहे.